मॉरिशसला जायचे कागद

बिकानेरच्या बाजूला पोस्टिंग होऊन दीड वर्ष झालं तेव्हा बायको म्हणाली, "वाळू पुष्कळ बघितली. आता जिच्यापुढे पाणी असतं ती वाळू दाखव." मागणी रास्त होती. लग्नाला १८ वर्षं होत आली होती आणि परदेशाच्या नावाखाली मी तिला नाथू ला आणि वाघा दाखवून आणलं होतं. दोन्हीकडे पलीकडचा देश दिसतो, जाता मात्र येत नाही.

मॉरिशस ठरलं. भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, मुंबईहून थेट विमान आहे, आणि आपली मराठी माणसं तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आरं, गणपतीपुळ्याला समुद्र न्हाई का?" आहे की. पण गणपतीपुळ्याला जाताना कोणी कागद मागत नाही, आणि हा लेख त्या कागदांबद्दल आहे. फौजेत असलेल्यांनी आणि फौजेतून निवृत्त झालेल्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती. समुद्राचं वर्णन फारसं नाही.

आधी परवानगीचं. आम्हा लोकांना खाजगी सहलीसाठी देशाबाहेर जायचं तरी रीतसर अर्ज करावा लागतो. कुठे जाणार, कुठे उतरणार, कोणाला भेटणार, खर्चाचा पैसा कुठून आला, बरोबर कोण. माझ्या अकादमीतल्या एका बॅचमेटला याचा फार राग आहे. "वीस वर्षं सीमेवर उभं राहायचं आणि पोरांना समुद्र दाखवायला हात जोडायचे?" असं तो दर सुट्टीला म्हणतो. मला ते पटत नाही. सैन्यातल्या माणसाच्या डोक्यात काय असतं याची किंमत बाहेरच्या लोकांना चांगली ठाऊक असते, आणि गळ टाकणारा आपण गळ टाकतोय असं सांगून टाकत नाही. शिवाय दुसरं कारण आहे, जे बॅचमेट विसरतो. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर हजारो लोक सुट्टीवरच होते. कोण कुठल्या हॉटेलात उतरलं होतं हे शोधता शोधता घरच्यांचे आठवडे गेले. माझ्या हॉटेलचा पत्ता आणि परतीच्या विमानाचा नंबर एका फायलीत पडून आहे, याचा मला अपमान वाटत नाही, आधारच वाटतो. अर्ज तीन प्रतींत का, हे मात्र विचारू नका. तेवढा राग मलाही आहे.

तर अर्ज लिहिला. सोबत येणाऱ्या कुटुंबीयांच्या रकान्यात बायकोचं नाव लिहिलं आणि हेडक्लार्क साहेबांकडे दिला. केरळचा माणूस, २६ वर्षांची नोकरी, चष्म्याच्या वरून बघायची सवय. अर्ध्या तासाने तो अर्ज घेऊन परत आला. दार लावून घेतलं. मला वाटलं तारखा चुकल्या.

"सर, मेमसाब का नाम रिकॉर्ड में कुछ और है."

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. २००६ साली ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने आईने सुचवलेलं नाव लिहिलं. सगळ्यांना पेढे वाटले. सुट्टी संपवून युनिटला गेलो आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर करायला हिचं तेच नवं नाव, माझं नाव, आडनाव असं लिहून दिलं. पुरावा म्हणून लग्नपत्रिका जोडली होती, आणि पत्रिकेवर नवं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. दोन्ही नावं इथे लिहीत नाही. ती म्हणाली, आधीच पुष्कळ ठिकाणी लिहून झाली आहेत.

नवं नाव घरात दोन वर्षंही टिकलं नाही. आई सोडून सगळे तिला माहेरच्याच नावाने हाक मारत, मीसुद्धा. दहावीचं सर्टिफिकेट, पदवी आणि पॅन कार्ड संपूर्ण माहेरच्या नावावर. आधार काढलं तेव्हा तिने माहेरचं नाव लिहून पुढे माझं नाव आणि आडनाव लावलं. बँकेत एक खातं असं, एक तसं. ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन आणि प्रॉव्हिडंट फंड दोन्हीकडे तांदळातलं नाव, कारण ते फॉर्म मी भरले होते आणि भरताना रेकॉर्ड समोर ठेवलं होतं.

हे सगळं त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मांडलं तेव्हा मुलांच्या जन्मदाखल्यांची पाळी आली. मुलगी पठाणकोटची, २००८ ची. तिच्या दाखल्यावर आईचं नाव तांदळातलं, कारण हॉस्पिटलात डिपेंडंट कार्ड दाखवलं होतं. मुलगा वेलिंग्टनचा, मी स्टाफ कॉलेजला होतो तेव्हाचा. तोवर आधार आलं होतं, म्हणून त्याच्या दाखल्यावर आईचं नाव आधारप्रमाणे. मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवले, थोडा वेळ बघितले आणि भावाला म्हणाली, "म्हणजे आपण सावत्र आहोत."

सगळे हसलो. मी जरा कमी हसलो.

कारण डोक्यात दुसरंच चालू झालं होतं. २००६ नंतर मी दोनदा नियंत्रण रेषेवर होतो. एकदा उंचावर, जिथून हेलिकॉप्टरही मनाला येईल तेव्हाच येतं. त्या सगळ्या काळात, माझं काही झालं असतं तर कुटुंबाचं पेन्शन, विमा, फंड हे सगळं एका अशा बाईच्या नावावर निघालं असतं जिचं आधार नाही, पॅन नाही, दहावीचं सर्टिफिकेट नाही. कागदावर ती बाई होती आणि घरात माझी बायको होती, आणि दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला साक्षीदार म्हणून मी हजर नसतो.

आता लाज वाटायचं कारण सांगतो. युनिट कमांड करत असताना मी दर वर्षी जवानांची शीट रोल तपासून घेत असे. बायकोचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं, नॉमिनी. एका जवानाच्या बायकोचं नाव आधारशी जुळत नव्हतं म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं आणि आठ दिवस सुट्टी देऊन गावी पाठवलं होतं, नाव दुरुस्त करून ये म्हणून. तो साताऱ्याकडचाच. आज कुठे असेल तो? वाचत असशील तर बाबा, तुझ्या साहेबाची स्वतःची शीट कोरीच होती.

आणि हे मला कळायला हवं होतं, कारण आमच्या घरात हे एकदा होऊन गेलं आहे. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. २०११ साली ते गेले. आईचं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावर एका प्रकारे होतं आणि बँकेच्या पासबुकात दुसऱ्या. फरक इंग्रजीतल्या एका अक्षराचा. मराठीत वाचलं तर नाव तेच. सात महिने तिचं पेन्शन थांबलं. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. प्रत्येकाने नम्रपणे सांगितलं की चूक इथली नाही, दुसरीकडची आहे, आणि गंमत म्हणजे प्रत्येक जण खरं बोलत होता. शेवटी १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर आईने शपथेवर लिहून दिलं की अमुक नावाची बाई आणि तमुक नावाची बाई या एकच आहेत आणि त्या मीच आहे. अंगठा नाही, सही केली. सही करायला ती वडिलांच्या पोस्टिंगमध्ये, क्वार्टरमध्ये राहून शिकली होती.

आजही माजी सैनिकांच्या कुठल्याही मेळाव्याला जा. 'स्पर्श'च्या टेबलापुढची रांग सर्वांत लांब असते आणि त्या रांगेतल्या निम्म्या गप्पा नावाच्याच असतात. पीपीओत बायकोची जन्मतारीखच नाही. पीपीओत 'बाई' लावलेलं, आधारवर नाही. पीपीओत माहेरचं टोपणनाव, कारण १९७८ साली भरतीनंतर जवानाला विचारलं, बायकोचं नाव काय, आणि त्याने लाजत लाजत घरात हाक मारायचे ते सांगितलं. क्लार्कने कानावर पडलं तसं लिहिलं. दोष कोणाला देणार?

मला मात्र एक गोष्ट दोषाची वाटते आणि तिच्यासाठीच लिहायला बसलो. बायकोची नोंद नवऱ्याच्या तोंडून होते. नवरा सांगतो, नवरा सही करतो, ऑर्डर निघते, आणि जिच्याबद्दल ती ऑर्डर आहे ती बाई तो कागद एकदाही वाचत नाही. ज्या दिवशी तो पहिल्यांदा तिच्या हातात येतो, त्या दिवशी सांगणारा माणूस जिवंत नसतो. १८ वर्षांत मी माझ्या बायकोला एकदाही म्हणालो नाही की हे बघ, तुझ्याबद्दल सरकारदरबारी असं लिहिलंय, बरोबर आहे का? ती पदवीधर, हिशेबाला माझ्यापेक्षा पक्की. तिने एका मिनिटात चूक काढली असती.

म्हणून माझं मत असं. शीट रोलची वार्षिक तपासणी व्हावी तर फॅमिली वेल्फेअरच्या दिवशी व्हावी, बायकांना समोर बसवून, आणि तपासल्याची सही बायकोची असावी. जे गावी राहतात त्यांना प्रत पाठवावी. लग्नाची नोंद करताना लग्नपत्रिका हा पुरावा धरू नये. दहावीचं सर्टिफिकेट किंवा जन्मदाखला धरावा. आणि ताटातल्या तांदळावर नाव लिहायची हौस असेल तर लिहावं, फोटो काढावा, आणि त्या तांदळाचा भात करावा.

शेवटचं वाक्य आईने वाचलं तर काय म्हणेल याची धास्ती होती. तिला फोन केला. म्हटलं, पासपोर्टवर माहेरचंच नाव घालायचं ठरतंय, तू ठेवलेलं नाही. पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा काही नियम नाही, हेही सांगितलं. बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "मी हौसंनं ठिवलं हुतं." मग परत शांतता. "पर माझं सात म्हयनं थांबलं तसं तिचं नगं थांबाया. आमच्या सासूनं माझंबी बदललं हुतं, कुनी इचारलं न्हाई मला."

मला हे माहीतच नव्हतं. ४४ वर्षांचा झालो तरी आईचं माहेरचं नाव मला ठाऊक नव्हतं. मी ते विचारलं. तिने सांगितलं. तेही इथे लिहीत नाही.

त्यानंतर कामाला लागलो. क्रम महत्त्वाचा असतो, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. मी उत्साहाने आधी पासपोर्टचा अर्ज भरायला बसलो होतो. हेडक्लार्क साहेबांनी थांबवलं: "सर, पहले जड़, फिर पत्ता." म्हणजे आधी एक नाव ठरवा, मग ते सर्वांत जुन्या कागदापासून सर्वांत नव्यापर्यंत आणा. तिने ठरवलं: माहेरचं नाव, मधलं माझं, आडनाव माझं. आधारवर होतं ते. आधी प्रतिज्ञापत्र, मग पॅन दुरुस्ती, मग बँक, मग पार्ट टू ऑर्डरचा अर्ज, नॉमिनेशनचे नवे फॉर्म. मुलीच्या जन्मदाखल्यासाठी पठाणकोटला कागद पाठवले. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात दुरुस्तीची सोय आहे, पण ती निबंधकाकडेच होते, जिथे नोंद झाली तिथेच. फौजेतल्या मुलांचे जन्म देशभर विखुरलेले असतात, त्यामुळे हा भाग सर्वांत लांबतो. आम्हाला दोन महिने लागले, त्यात एकदा स्वतः जावं लागलं. तिथला कारकून रजिस्टर काढताना म्हणाला, फौजी लोक येतात ते बहुतेक मुलाच्या बारावीनंतर, परदेशी शिकायला पाठवायचं असतं तेव्हा, आणि सगळ्यांना उद्याच पाहिजे असतं.

मग पासपोर्ट. मोठ्यांचा १० वर्षांचा, छत्तीस पानी, फी १,५०० रुपये. मुलांचा साधारण ५ वर्षांचा, १,००० रुपये. माझ्या अर्जासोबत खात्याला दिलेल्या पूर्वसूचनेचं पत्र. सरकारी कामासाठी गेलो तेव्हाचा माझा पांढरा पासपोर्ट सुट्टीला चालत नाही. त्याला निळाच लागतो. २०१६ च्या डिसेंबरपासून पासपोर्टच्या जोडपत्रांना नोटरीची गरज नाही, साध्या कागदावर स्वतःची सही पुरते. तरीही केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेले एजंट अजून शिक्के मारून पैसे घेतात आणि घाबरलेली माणसं अजून देतात. रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त नायब सुभेदार होते, राजस्थानी, मुलाकडे दुबईला निघालेले. शिक्का मारलेला कागद खिडकीवरच्या मुलीने बाजूला ठेवून दिला. ते काही बोलले नाहीत. शिक्क्याचे ४०० रुपये गेले होते.

मॉरिशससाठी त्यापुढे फारसं काही लागलं नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, खर्चाला पैसे आहेत याचा पुरावा, आणि निघण्याआधी भरायचा त्यांचा ऑनलाइन फॉर्म. प्रत्येकाच्या दोन छापील प्रती, कारण फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते. फौजी ओळखपत्र युनिटला जमा केलं, फोनमधले युनिफॉर्ममधले फोटो काढून टाकले. बायको म्हणाली, आता तुझ्याकडे तू कोण आहेस याचा एकच पुरावा उरला, माझ्यासारखा.

समुद्राचं वर्णन करणार नाही म्हटलं होतं. तो निळा आहे. मुलगा चार दिवस पाण्याबाहेर आला नाही. पाचव्या दिवशी पोर्ट लुईला गेलो, बंदराच्या काठावर आप्रवासी घाट आहे तिथे. १८३४ पासून ऊसमळ्यांवर करारावर काम करायला आणलेले लाखो हिंदुस्थानी मजूर त्या दगडी पायऱ्या चढून वर आले. २००६ साली युनेस्कोने तो जागतिक वारशाच्या यादीत घेतला. योगायोगाने आमच्या तांदळाचंच वर्ष. आलेल्या प्रत्येकाला नंबर मिळे आणि रजिस्टरमध्ये नाव लिहिलं जाई. गोऱ्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. त्या स्पेलिंगची आज तिथे कित्येक आडनावं झाली आहेत. ती रजिस्टरं मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपली आहेत, आणि आपला पणजा-खापरपणजा शोधायला लोक तिथे येतात. घाटावर एक साठीचे गृहस्थ भेटले, रत्नागिरीकडचं मूळ सांगणारे. मराठी थोडं, क्रिओल जास्त. ते म्हणाले, गणेश चतुर्थीला आमच्याकडे देशभर सुट्टी असते. मग म्हणाले, गावाचं नाव सापडलं, पण स्पेलिंगवरून गाव काही सापडत नाही. कोकणच्या नकाशावर बोट ठेवून त्यांनी तीन गावांची नावं उच्चारून दाखवली. तिन्ही बरोबर वाटत होती.

परत आल्यावर तीन आठवड्यांनी पार्ट टू ऑर्डर निघाली. हेडक्लार्क साहेबांनी प्रत स्वतः घरी आणून दिली. माझ्या हातात नाही, मेमसाबच्या. तिने चष्मा लावला, उभ्या उभ्या वाचली, स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. मी चहा सांगायला आत वळलो.

"थांब," ती म्हणाली, "मुलाची जन्मतारीख बघ."